किडनी किती उरली?

नेरळ–कळंब रस्त्यावरच्या पोशीरसारख्या गावातल्या माणसाच्या किडनीत गाठ आहे, हे आज बहुधा योगायोगानेच कळते. पोट दुखते, पित्ताशयात खडे असल्याची शंका येते, नेरळला किंवा कर्जतला सोनोग्राफी होते आणि कागदावर पित्ताच्या खड्यांऐवजी उजव्या किडनीतल्या तीन-साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीची नोंद येते. लघवीतून रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारा गोळा ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र घेऊन येणारा रुग्ण आता क्वचितच दिसतो. अहवाल हाती आला की घरचे तीन प्रश्न विचारतात. कॅन्सर आहे का? ऑपरेशन दुर्बिणीतून होईल का? खर्च किती? चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि डॉक्टरही तो आपणहून काढतीलच असे नाही. ऑपरेशननंतर चालणारी, रक्त गाळणारी किडनी किती उरेल? या लेखाचे म्हणणे असे की हा चौथा प्रश्न पहिल्याच्या लगेच मागे उभा राहायला हवा, दुर्बिणीच्या आणि रोबोटच्या प्रश्नाच्या पुढे. पोटावरचा चिरा डोळ्यांना दिसतो. आत गेलेली निरोगी पेशीरचना दिसत नाही, आणि तिचा हिशेब बऱ्याच वर्षांनी लागतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहिला तर दिसणारी गोष्ट न दिसणारीवर कशी मात करते ते समजते. जर्मनीत हायडेलबर्गला गुस्टाव्ह सायमन यांनी १८६९मध्ये ठरवून एक संपूर्ण किडनी काढली आणि माणूस दुसऱ्या किडनीवर जगू शकतो हे दाखवले. त्याच शहरात विन्सेंझ चेर्नी यांनी १८८७मध्ये गाठीसाठी किडनीचा फक्त तेवढा भाग काढला. म्हणजे भाग वाचवण्याची कल्पना जवळजवळ सव्वाशे-दीडशे वर्षे जुनी आहे. रक्तस्राव आणि लघवीची गळती यांच्या भीतीने ती मागे पडली. पुढे १९६०च्या दशकात टोरंटोच्या रॉबसन यांनी किडनी, तिच्याभोवतीची चरबी आणि आवरण असे सगळे एकत्र काढण्याचा पुरस्कार केला. त्या काळी गाठी उशिरा, मोठ्या झाल्यावर सापडत, त्यामुळे तो सल्ला काळाला धरून होता. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन आल्यावर लहान गाठी दिसू लागल्या, पण सवय जुनीच राहिली. त्यात १९९०मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन यांनी दुर्बिणीतून संपूर्ण किडनी काढली. रुग्ण लवकर चालू लागला, वेदना कमी झाल्या आणि जगभर हे तंत्र पसरले. दुर्बिणीतून भाग काढल्याचे पहिले वृत्तांत १९९३मध्ये छापले गेले, पण ते काम फार अवघड होते. गाठ कापायची, वाहते रक्त थांबवायचे आणि लांब दांड्याच्या हत्यारांनी आत टाके घालायचे, तेही घड्याळाकडे पाहत. परिणाम विचित्र झाला. चिरा लहान ठेवण्याच्या आग्रहापायी, उघड्या शस्त्रक्रियेने जिचा मोठा भाग वाचला असता अशी किडनी कित्येक ठिकाणी दुर्बिणीतून संपूर्ण काढली जाऊ लागली. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनने २००९च्या मार्गदर्शक सूचनांत चार सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी भाग काढणे हाच प्रमाण उपचार ठरवला. तोवर बराच काळ गेला होता.

भाग वाचवल्याने काय हाती लागते? प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे गाळणीचे एकक, असतात. ते जन्माआधीच तयार होतात आणि पुढे नवे बनत नाहीत. एक किडनी गेली की दुसरीतले नेफ्रॉन जास्त काम ओढतात आणि म्हणून काही वर्षे सगळे ठीक वाटते. मात्र गाठ झालेला माणूस सहसा पन्नाशी-साठीतला असतो, अनेकदा रक्तदाबाचा किंवा मधुमेहाचा रुग्ण असतो, आणि दुसरी किडनी आधीच थोडी थकलेली असू शकते. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयातील २००६चा अभ्यास इथे डोळे उघडणारा आहे. चार सेंटिमीटरपर्यंतची गाठ, दोन्ही किडन्या जागेवर आणि रक्तातले क्रिएटिनिन नॉर्मल असे ६६२ रुग्ण त्यांनी तपासले. त्यांतल्या २६ टक्के लोकांचा रक्त गाळण्याचा अंदाजी वेग, म्हणजे ईजीएफआर, ऑपरेशनच्या आधीच साठच्या खाली होता. बाकीच्यांत तीन वर्षांनी हा वेग साठच्या वर टिकून राहण्याची शक्यता भाग काढलेल्यांत ८० टक्के, तर संपूर्ण किडनी काढलेल्यांत ३५ टक्के निघाली. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे, काळजी नको’ हे वाक्य त्यामुळे पुरेसे नाही. कर्जत-खालापूरच्या वाड्यांवरच्या लोकांच्या बाबतीत ते आणखी अपुरे पडते. क्रिएटिनिन स्नायूंतून येते. अंगाने बारीक, कमी स्नायूंच्या, वर्षानुवर्षे अपुऱ्या आहारावर राबलेल्या ठाकूर किंवा कातकरी माणसाचे क्रिएटिनिन किडनी बरीच झिजलेली असतानाही कागदावर चांगले दिसू शकते. अशा रुग्णाच्या लघवीतले अल्ब्युमिन आणि शक्य असेल तिथे रक्तातले सिस्टॅटिन-सी तपासल्याशिवाय त्याची एक किडनी काढण्याचा निर्णय घेऊ नये.

आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर निरोगी भाग नेमका कुठे गमावला जातो ते पाहू, कारण वादाचे मूळ तिथे आहे. दोन्ही किडन्यांतून मिनिटाला सुमारे एक लिटर रक्त वाहते. इतक्या रक्ताच्या अवयवात गाठ कापायची तर मुख्य धमनीला काही वेळ क्लॅम्प लावून प्रवाह थांबवावा लागतो, आणि रक्ताविना उबदार राहिलेल्या पेशी मरू लागतात. एकच किडनी असलेल्या ३६२ रुग्णांच्या २०१०मधील अभ्यासाने प्रत्येक मिनिट मोलाचे असल्याचे सांगितले आणि पंचवीस मिनिटांची मर्यादा सर्वतोमुखी झाली. त्यानंतरची काही वर्षे शल्यविशारदांची सारी चुरस मिनिटांवर चालली. इंदरबीर गिल यांनी २०११मध्ये मुख्य धमनी न अडवता गाठीकडे जाणाऱ्या बारीक फांद्याच वेगळ्या करून बंद करण्याचे तंत्र मांडले. भातशेतीच्या भाषेत सांगायचे तर सगळा पाट अडवण्याऐवजी एकाच खाचराचे तोंड बुजवणे. कल्पना देखणी आहे आणि काही रुग्णांत खरोखर उपयोगी पडते. पण २०११मध्येच एकच किडनी असलेल्या ६६० रुग्णांच्या अभ्यासातून वेगळे चित्र पुढे आले. किती निरोगी भाग उरला आणि तो मुळात किती चांगला होता, या दोन गोष्टी हिशेबात घेतल्या की मिनिटांचे वजन बरेच कमी होते. इटलीतल्या ‘क्लॉक’ या चाचणीत रोबोटिक शस्त्रक्रियेतले रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गटांत वाटले. एका गटात धमनी अडवली, दुसऱ्यात न अडवण्याचा प्रयत्न केला. सहा महिन्यांनी किडनीच्या कामात फरक आढळला नाही. किडनीला संरक्षण मिळावे म्हणून वर्षानुवर्षे शिरेतून दिल्या जाणाऱ्या मॅनिटॉलचाही चांगल्या किडनीच्या रुग्णांत काही उपयोग होत नाही, हे २०१८च्या चाचणीने दाखवले. घड्याळ निरर्थक आहे असा याचा अर्थ नव्हे. एकच किडनी असेल, ती आधीच कमजोर असेल किंवा वेळ अर्ध्या तासाच्या बराच पुढे जाणार असेल, तर बर्फाने किडनी थंड करणे किंवा फांदीच अडवणे आवश्यक ठरते. बाकी बहुतेकांत वीस मिनिटे लागली की अठ्ठावीस, यावर पुढच्या वीस वर्षांचे भवितव्य ठरत नाही.

ते ठरते कात्रीच्या आणि सुईच्या वाटेवर. गाठीसोबत निरोगी भाग किती कापला जातो ही पहिली गळती. पूर्वी गाठीच्या चारही बाजूंनी एक सेंटिमीटर निरोगी कड घ्यावी असा नियम होता. चार सेंटिमीटरच्या गाठीभोवती एक सेंटिमीटर कड म्हणजे व्यास सहाचा झाला, आणि गोलाचे घनफळ तिपटीहून जास्त वाढले. पुढे दिसून आले की कडेला कॅन्सर नसला की झाले, कडेची जाडी महत्त्वाची नाही. किडनीच्या बऱ्याच गाठींभोवती दाबल्या गेलेल्या पेशींचे एक पातळ आवरण तयार होते. त्याला धरून गाठ सोलून काढली तरी निवडक रुग्णांत कॅन्सरचा परिणाम तितकाच चांगला येतो. दुसरी गळती टाक्यांची आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. गाठ काढल्यावर उरलेल्या खड्ड्याच्या कडा ओढून जाड टाक्यांनी बंद करतात. रक्त थांबते, पण त्या टाक्यांच्या कवेत आलेल्या धमन्यांचा भाग कायमचा कोरडा पडतो. म्हणून आता अनेक शल्यविशारद तळाशी बारीक टाके घालून लघवीची वाट आणि रक्तवाहिन्या बंद करतात आणि बाहेरचा जाड थर टाळतात किंवा सैल ठेवतात. क्लीव्हलँड क्लिनिकच्या गटाने मोजमापे घेऊन काढलेला सरासरी हिशेब असा आहे की शस्त्रक्रिया झालेली किडनी आपल्या कामाचा सुमारे पाचवा हिस्सा गमावते, म्हणजे दोन्ही मिळून साधारण दहा टक्के. या पाचव्या हिश्शातला मोठा भाग कापण्यात आणि शिवण्यात जातो, मिनिटांमध्ये नाही. रुग्णाला आणि नातेवाइकांना क्लॅम्पची मिनिटे सांगितली जातात, कारण ती मोजायला सोपी आहेत. उरलेला भाग मोजायला पुन्हा सीटी स्कॅन किंवा किडनीचे काम दाखवणारा डीटीपीए स्कॅन लागतो.

यावर सर्वांत जड आक्षेप युरोपातून आला आहे आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे अप्रामाणिक होईल. ईओआरटीसी या युरोपीय कॅन्सर-संशोधन संस्थेच्या ३०९०४ क्रमांकाच्या चाचणीत १९९२ ते २००३ या काळात, पाच सेंटिमीटरपर्यंतच्या गाठीचे ५४१ रुग्ण यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत वाटले गेले. या प्रश्नावरची एवढी मोठी अशी चाचणी हीच. दहा वर्षांनी हयात असलेले संपूर्ण किडनी काढलेल्यांत ८१.१ टक्के होते, भाग काढलेल्यांत ७५.७ टक्के. म्हणजे ज्यांची किडनी वाचवली तेच कमी जगले! शिवाय साठच्या खाली वेग उतरलेले संपूर्ण गटात ८५.७ टक्के आणि भाग गटात ६४.७ टक्के, असा मोठा फरक असूनही किडनी पूर्ण निकामी झालेल्यांचे प्रमाण दोन्हीकडे दीड टक्क्याच्या आसपास सारखेच राहिले. मग एवढा आटापिटा कशाला, असा प्रश्न कोणीही विचारेल. याच्या जोडीला किडनीदात्यांचे उदाहरण दिले जाते. आई मुलाला किडनी देते आणि पुढे तीस वर्षे धडधाकट राहते.

उत्तर तीन पदरी आहे. ती चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने ठरलेल्या संख्येच्या बरीच अलीकडे थांबली. ११७ मृत्यूंपैकी किडनीच्या कॅन्सरने झालेले फक्त १२ होते, आणि भाग काढल्याने इतर कारणांचे मृत्यू का वाढावेत याचे पटणारे कारण कोणाला देता आलेले नाही. इतक्या लहान संख्येत योगायोगाचा वाटा मोठा असतो. दुसरे, शस्त्रक्रियेने कमी झालेले काम आणि मधुमेहाने किंवा रक्तदाबाने झिजत जाणारे काम या वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. पहिल्यात एकदा खाली आलेला आकडा बहुधा तिथेच थांबतो, दुसऱ्यात तो उतरत राहतो. ईओआरटीसीच्या आकड्यांचा अर्थ मी असा लावतो की निरोगी दुसरी किडनी असलेल्या, मधुमेह नसलेल्या माणसाला संपूर्ण किडनी काढल्याने डायलिसिस लागेलच असे नाही, आणि अवघड जागी बसलेल्या गाठीसाठी त्याच्यावर जीवघेणे धाडस करण्याचे कारण नाही. पण दाता हा तपासून, पारखून, निरोगी म्हणून निवडलेला माणूस असतो. गाठ अशी निवड करून येत नाही. तिसरा पदर आपल्या जागेचा आहे. युरोपातल्या त्या रुग्णाची किडनी पुढे बिघडली तर डायलिसिस त्याच्या आवाक्यात असते. पोशीरच्या किंवा खांडसच्या बाजूच्या वाडीवरच्या माणसाला डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास मशीनला जोडून राहणे आणि त्याआधी-नंतर एसटी, सहा आसनी, लोकलचा प्रवास. सोबत एक माणूस, म्हणजे घरातले दोन रोजगार बुडाले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च निघतो, हा मोठाच आधार आहे. पण लावणीच्या दिवसांतला बुडालेला रोज आणि भर पावसातला रस्ता कोणती योजना भरून देणार? दीड टक्का हा आकडा दोन ठिकाणी सारखा असला तरी त्या दीड टक्क्यात सापडलेल्या घरावर कोसळणारे ओझे सारखे नसते. किडनीचा राखीव साठा दूरच्या माणसाला जास्त लागतो.

याच अंतराचा उपयोग उलट बाजूनेही करता येतो आणि तो आक्षेप मला ईओआरटीसीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो. भाग काढण्यात गुंतागुंत जास्त आहे. त्याच चाचणीत मोठा रक्तस्राव ३.१ टक्के विरुद्ध १.२ टक्के होता, लघवीची गळती ४.४ टक्के रुग्णांत झाली, आणि पुन्हा ऑपरेशन करावे लागण्याचे प्रमाण ४.४ विरुद्ध २.४ टक्के होते. त्यातला एक धोका घरी परतल्यावर येतो. कापलेल्या धमनीच्या तोंडाशी रक्ताचा फुगा तयार होतो आणि सहसा पहिल्या दोन आठवड्यांत तो फुटून लघवीतून लालभडक रक्त जाऊ लागते. शंभरात एक-दोघांना हे होते. उपाय आहे, जांघेतून नळी घालून ती धमनी आतून बंद करता येते आणि बाकी किडनी वाचते. मात्र ती सोय मुंबई, नवी मुंबईसारख्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांतच असते. संपूर्ण किडनी काढलेल्या माणसाला हा धोका नाही, मग लांबच्या रुग्णाला तोच सोपा मार्ग का देऊ नये? कारण हा धोका काही आठवड्यांचा आहे आणि नियोजनाने हाताळता येतो. गेलेली किडनी आयुष्यभराची आहे. रुग्णाला दहा-बारा दिवस मुंबईत किंवा पनवेलला नातेवाइकांकडे, धर्मशाळेत ठेवता येते.

रोबोटचा प्रश्न इथे येतो आणि तो थोडक्यात निकालात काढता येण्यासारखा आहे. रोबोटचे हात मनगटासारखे वळतात, म्हणून आत टाके घालणे साध्या दुर्बिणीपेक्षा सोपे जाते. त्यामुळे अवघड गाठींतही भाग वाचवणे अधिक शल्यविशारदांना जमू लागले, हे त्याचे खरे श्रेय. पण किती निरोगी भाग उरेल हे यंत्र ठरवत नाही. गाठीची जागा, तिची खोली आणि हाताची सवय ठरवतात. गाठ किती मोठी, किती आत शिरलेली, लघवीच्या वाटेला किती जवळची, हे गुणांत मोजण्याची ‘रीनल’ आणि ‘पादुआ’ ही दोन कोष्टके २००९पासून वापरात आहेत, आणि ऑपरेशनआधी तो गुणांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. खासगी रुग्णालयात रोबोटने बिल वाढते. ते परवडत नाही आणि साध्या दुर्बिणीतून भाग काढण्याचा हात तिथे नाही, म्हणून ‘दुर्बिणीतून पूर्ण किडनी काढून टाकू, चार दिवसांत घरी’ असा सल्ला मिळाला, तर तिसरा पर्याय आहे हे सांगणारे कोणीतरी हवे. उघड्या शस्त्रक्रियेने भाग काढता येतो. चिरा मोठा, दुखणे जास्त, शेतावर परतायला काही आठवडे उशीर. तरीही लहान गाठीसाठी लहान चिऱ्यातून गेलेल्या संपूर्ण किडनीपेक्षा मोठ्या चिऱ्यातून वाचलेली पाऊण किडनी मी केव्हाही वरची मानेन. आणि हा पर्याय पोशीरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा नाही. नेरळहून मध्य रेल्वेची लोकल परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या आणि केईएमच्या दिशेनेच जाते. टाटा स्मारक केंद्राचे ॲक्ट्रेक हे कॅन्सर केंद्र रायगड जिल्ह्यातच, खारघरला आहे. आजच्या जन आरोग्य योजनेचे मूळ असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली, त्यांत रायगड होता. आता तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेली आहे. वाट आहे. कर्जतच्या सोनोग्राफीपासून तिथपर्यंत कोणी नीट पोहोचवून देत नाही, ही अडचण आहे.

सर्वांत जास्त भाग वाचतो तो अर्थात हात न लावल्याने. काढलेल्या लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक कॅन्सरची नसतेच, आणि लहान गाठी वर्षाला सरासरी तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतात. पंच्याहत्तरीच्या, हृदयविकार असलेल्या माणसाच्या दोन सेंटिमीटरच्या गाठीवर नजर ठेवून थांबणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. त्यात दर सहा महिन्यांनी, पुढे वर्षाने स्कॅन करावा लागतो आणि तो चुकला तर थांबण्याचा अर्थच संपतो. म्हणून पन्नाशीच्या, दर वेळी रोज बुडवून तपासणीला यावे लागणाऱ्या माणसाला हा मार्ग सुचवताना डॉक्टरांनी त्याच्या घरची परिस्थिती विचारलीच पाहिजे. उलट टोकाला, सात सेंटिमीटरच्या पुढची, शिरेत शिरलेली गाठ असेल तर बहुधा संपूर्ण किडनी काढणेच योग्य, आणि तिथे भाग वाचवण्याचा हट्ट कॅन्सरला मोकळीक देतो. चार ते सात सेंटिमीटरच्या पट्ट्यात मात्र दोन चांगले शल्यविशारद वेगवेगळा सल्ला देऊ शकतात, आणि तिथे दुसरे मत घेण्यासाठी आठ-पंधरा दिवस गेले तर सहसा काही बिघडत नाही.

घरी परतताना मिळणाऱ्या कार्डावर आज ‘ऑपरेशन यशस्वी, दहा दिवसांनी टाके’ एवढेच असते. त्यावर चार गोष्टी जास्त लिहिल्या जाव्यात. कोणत्या बाजूच्या किडनीचा अंदाजे किती भाग काढला. कडेला कॅन्सर होता की नव्हता. ऑपरेशनआधीचा ईजीएफआर आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा तपासण्याची तारीख. आणि मोठ्या अक्षरांत, मराठीत, की गुडघे-कंबर दुखली म्हणून डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या किंवा इंजेक्शने घेऊ नयेत. वाचवलेली किडनी या गोळ्यांनी हळूहळू गमावता येते, आणि गावातल्या दवाखान्यात त्या सर्रास दिल्या जातात. कळंबच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजणाऱ्या परिचारिकेला हे कार्ड वाचून कळले पाहिजे की समोरच्या माणसाचा रक्तदाब इतरांपेक्षा काटेकोर सांभाळायचा आहे. पाठीमागच्या बाजूला एक सूचना हवी. पहिल्या महिन्यात लघवी लाल झाली, गुठळ्या पडल्या किंवा चक्कर आली, तर दुसऱ्या दिवसाच्या गाडीची वाट न पाहता १०८ला फोन करायचा, हे कार्ड दाखवायचे आणि धमनी आतून बंद करण्याची सोय असलेल्या रुग्णालयातच न्यायला सांगायचे. त्या रुग्णालयाचे नाव आणि फोन नंबर ऑपरेशन करणाऱ्यांनीच तिथे लिहून द्यायचा.